वरची मूठ

मे महिना उजाडला, मुलांचे निकाल लागले, पहिल्या कम्युनियनचे सोहळे आटोपले, लग्नांची धावपळ थोडी ओसरली की आपल्या वसईत घराघरांत एकच बेत शिजू लागतो. "एखाद्या दिवशी गाडी काढू या, डहाणूपर्यंत जाऊन येऊ." कशाला म्हणून विचारले, तर कुणी समुद्राचे नाव सांगतो, कुणी "मुलांना जरा बदल" म्हणतो. पण खरे कारण सगळ्यांना ठाऊक असते. फळे! रविवारची पहिली मिस्सा करायची, घरी येऊन घाईघाईने चहा घ्यायचा, मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या आणि रिकाम्या पिशव्या टाकायच्या आणि वसई फाट्यावरून हमरस्त्याला लागायचे. शिरसाड मागे पडते, खानिवड्याचा टोलनाका येतो, तानसा आणि वैतरणा ओलांडल्या की हवा बदलते. रस्त्याच्या कडेला पळसाची, सागाची झाडे आणि त्यांच्या सावलीत टोपल्या घेऊन बसलेल्या बायका दिसू लागतात. मग गाडीतल्या कुणाचाही स्वर आपोआप चढतो, "थांबव, थांबव! करवंदे!"

मी साठी ओलांडली आहे, तरी ह्या हाकेने अजून लहान होतो. करवंद म्हणजे आहे तरी काय? बोटाच्या पेराएवढे काळे फळ. बी जास्त, गर कमी. चीक ओठांना चिकटतो, बोटे काळी होतात. तरीही पळसाच्या पानाच्या द्रोणातली करवंदे एकेक करून तोंडात टाकताना जे सुख मिळते ते चांगल्या हॉटेलातल्या जेवणाने मिळत नाही. शिवाय तो खेळ आहेच. करवंद अर्धे चावायचे आणि समोरच्याला विचारायचे, "कोंबडा की कोंबडी?" आतून लाल निघाले तर कोंबडा, फिकट निघाले तर कोंबडी. हा खेळ आमच्या आजीने आम्हाला शिकवला, मी माझ्या नातीला शिकवला.

पुढे मनोर ओलांडून चारोटीला पोहोचेपर्यंत कैऱ्या, जाम, फणस, ताडगोळे असे काहीबाही दिसत राहते. डहाणू-घोलवड पट्ट्यात शिरले की चिकूच्या वाड्या. ह्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण हे फळ मूळचे अमेरिका खंडातले, सातासमुद्रापलीकडून येऊन इथल्या मातीचे होऊन गेले. (आपल्यापैकी पुष्कळांच्या आडनावांचे तसेच आहे म्हणा.) मेच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आला की पालघर तालुक्यातल्या बहाडोलीची टपोरी जांभळे येतात. जांभळाचे लाकूड ठिसूळ, फांदी कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून तिकडे झाडाभोवती बांबूंची परांची बांधून फळ उतरवतात. ताडगोळ्यांचे तर विचारूच नका. पन्नास-साठ फूट सरळसोट खोड, पायांत दोरीचा फास आणि कमरेला कोयता. तो माणूस वर चढतो तेव्हा खाली उभे राहून बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आणि आपण खाली विचारतो, "डझनाला केवढे?"

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. गाडीत मी, माझी पत्नी, थोरला भाऊ, वहिनी, सात वर्षांची नात आणि गाडी चालवायला पुतण्या होता. मनोरच्या पुढे एका वळणावर एक वारली बाई बसली होती. पुढ्यात टोपली, टोपलीच्या कडेला भरून ठेवलेले सात-आठ द्रोण. मी काच खाली केली. एसीची थंड हवा बाहेर गेली आणि बाहेरची झळ आत आली.

"केवढ्याला?"

"तीस रुपये."

"पन्नासला तीन दे."

"नाय परवडत, दादा."

"मग राहू दे," म्हणून मी पुतण्याला खूण केली. गाडी दहा पावले पुढे गेली. ही युक्ती आपल्या सगळ्यांना येते. अपेक्षेप्रमाणे मागून हाक आली, "घ्या, घ्या!" बाई उठून गाडीपर्यंत चालत आली. तीन द्रोण दिले, पन्नासची नोट घेतली. जाताना तिचे लक्ष मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या नातीकडे गेले. ती परत टोपलीपाशी गेली, मूठभर करवंदे घेऊन आली आणि खिडकीतून नातीच्या ओंजळीत टाकली. "पोरीला," एवढेच म्हणाली.

गाडी चालू झाली. चाळीस रुपये वाचवल्याच्या आनंदात मी होतो. तेवढ्यात थोरला भाऊ समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "आई आठवली का रे?"

आमची आई पाटी घेऊन पार्ल्याला जात असे. ही १९७० नंतरच्या दहा-बारा वर्षांतली गोष्ट. त्या काळी आपल्या गावांतल्या किती बायका जात हे वडीलधाऱ्यांना सांगायला नको. पहाटेच्या गाडीला पाट्या चढवायच्या, दारात उभ्या राहिलेल्या नोकरदारांच्या शिव्या खायच्या, आणि उजाडायच्या आत गिऱ्हाइकाच्या जिन्याशी पोहोचायचे. वांगी, अळू, केळी, मोगरीचे गजरे. आमच्या वाडीतले जे असेल ते. आईची एक रीत होती. माप पुरे झाले की ती वर एक मूठ घालायची. कधी मिरच्यांची, कधी कोथिंबिरीची. "वरची मूठ" हा तिचा शब्द. ती मूठ हिशेबात नसे.

गिऱ्हाइके सगळ्या तऱ्हांची होती. काही घासाघीस करणारी. एक बाई तर पाठ फिरवून जिना चढू लागायची, म्हणजे आई हाक मारील. आईला हाक मारावीच लागे, कारण अळूची जुडी परत वसईला नेऊन उपयोग काय? अशा दिवशी घरी आल्यावर आई पैशांबद्दल तक्रार करत नसे. पाटी उतरवून ओट्यावर बसायची आणि म्हणायची, "आज माझा हात आखडला." लहानपणी मला ह्याचा अर्थ कळत नसे. मला वाटायचे, पाटी धरून धरून हात दुखत असेल.

ह्या प्रसंगाने मला वर्षभर सोडले नाही, म्हणून आज आपल्यापुढे मांडतो आहे. प्रश्न साधा दिसतो. रस्त्यावर फळे विकत घेताना भाव पाडावा का? पण तो जेवढा उलगडावा तेवढा आत जातो.

माझ्या पुतण्याचे म्हणणे असे. "काका, करवंदे जंगलात फुकट लागतात. तिने ना झाड लावले, ना पाणी घातले. तिचा खर्च काय?" त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्यापैकी बरेच जण मनात हेच म्हणतात, फक्त बोलत नाहीत. पण मग त्या द्रोणात आपण विकत घेतो ते काय? झाडाने फुकट दिलेले फळ झाडावरच राहिले असते तर आपल्याला काय उपयोग होता? करवंदीची जाळी काटेरी असते. पहाटे उठून डोंगर चढायचा, काट्यांतून हात घालून एकेक फळ खुडायचे, चिकाने हात भरायचे, पळसाची पाने आणून द्रोण टाचायचे, टोपली डोक्यावर घेऊन हमरस्त्यापर्यंत यायचे आणि मे महिन्याच्या उन्हात, ट्रकचा धूर खात, दुपारपर्यंत बसायचे. आपण विकत घेतो ते हे सगळे. फळ खरोखरच फुकट आहे. देवाने ते तिलाही फुकट दिले आणि आपल्यालाही. आपल्याला ते हवे असेल तर आपणही काट्यांत हात घालू शकतो. आपण घालत नाही, तो हात तिचा असतो. शिवाय कायद्याच्या भाषेत बोलायचे तर २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या अशा गौण उपजावर तिथल्या आदिवासींचा हक्क मान्य केला आहे. म्हणजे ती कुणाचे लाटून विकत नाही.

दुसरा मुद्दा वहिनीने काढला. तीसचा भाव त्या बायका सांगतात तोच मुळी वीसला द्यायच्या तयारीने. घासाघीस हा खेळ आहे, सगळे खेळतात. वहिनीचा ह्या विषयातला अधिकार मोठा आहे. बाजारात कोळणीशी तिची जी जुगलबंदी चालते ती ऐकायला आजूबाजूच्या बायका थांबतात. वहिनी पापलेट उलटेपालटे करते, कोळीण तिच्या खानदानाचा उद्धार करते, वहिनी दोन पावले जाते, कोळीण म्हणते, "जा, जा, तुला मटणच बरे!" आणि शेवटी दोघी हसत व्यवहार पुरा करतात. त्यात मला काडीचाही अन्याय दिसत नाही. कोळणीला ठाऊक असते की वहिनीमागे आणखी दहा गिऱ्हाइके उभी आहेत, तिच्याकडे बर्फ आहे, आणि वहिनीला घरी पाहुणे आलेले आहेत. दोघींनाही पाठ फिरवता येते.

माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. व्यवहारात पाठ कोण फिरवू शकतो? मनोरच्या त्या वळणावर मी पाठ फिरवू शकत होतो. करवंदे मिळाली नसती तर मी चारोटीला वडापाव खाल्ला असता. तिला पाठ फिरवता येत नव्हती. टोपलीतला माल संध्याकाळपर्यंत मऊ पडणार, उद्या त्याला कुणी विचारणार नाही. पाऊस यायला महिना आहे, वीटभट्ट्यांची कामे संपत आली आहेत, शेत अजून कोरडे. मी गाडी दहा पावले पुढे नेली तेव्हा मी खेळत नव्हतो, तिची अडचण वापरत होतो. तिने "घ्या, घ्या" म्हटले हे खरे. पण हो म्हणणे आणि राजी असणे ह्यांत फरक आहे.

पोप लिओ तेरावे ह्यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले, त्यात मजुरीबद्दल नेमका हाच मुद्दा आहे. कामगार आणि मालक ह्यांनी आपापसांत मजुरी ठरवली म्हणजे ती न्याय्य झाली असे नव्हे. गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल ह्या भीतीपोटी माणूस कमी मजुरीला कबूल झाला, तर ती त्याच्यावर झालेली जबरदस्तीच आहे, असे ते सांगतात. त्या काळी युरोपातल्या गिरण्या त्यांच्या नजरेसमोर होत्या, आपल्या डहाणूचा रस्ता नव्हता. पण ह्याच भागात १९४५ साली वारल्यांनी लाल बावट्याखाली उठाव केला तो वेठबिगारीविरुद्ध आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी. जमीनदार तेव्हा काय म्हणत असतील ह्याची कल्पना करता येते. "ते कबूल आहेत ना?" आज तीच माणसे, म्हणजे त्यांच्या नाती-पणती, रस्त्याच्या कडेला आपल्याला करवंदे विकतात. आपण जमीनदार नाही, हे खरे. आपण फक्त काच खाली करतो.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीचा विचार केला आहे. विकणाऱ्याने वस्तूच्या मोलापेक्षा जास्त घेऊ नये, घेणाऱ्याने कमी देऊ नये, ही साधी बाजू झाली. पण त्यात एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. समजा, एखाद्या वस्तूचा घेणाऱ्याला फार मोठा लाभ होणार आहे आणि विकणाऱ्याचे ती देण्याने काही विशेष नुकसान होत नाही. अशा वेळी घेणाऱ्याची गरज पाहून विकणाऱ्याने भाव चढवणे बरोबर नाही, कारण ती गरज त्याच्या मालकीची नाही. मात्र घेणाऱ्याने आपण होऊन, राजीखुशीने थोडे जास्त दिले, तर ते त्याच्या सज्जनपणाला शोभून दिसते. दुसऱ्याची गरज ही आपली मालमत्ता नव्हे! सातशे वर्षांपूर्वी एका संन्याशाने मांडलेला हा विचार टोलनाक्याच्या पुढे असा कामाला येईल असे वाटले नव्हते.

आता ह्यावरून कुणी म्हणेल की मग सरळ दुप्पट पैसे द्यावेत आणि मोकळे व्हावे. माझ्या पुतण्याने त्या दिवशी परतताना तेच केले. दुसऱ्या एका बाईला त्याने दोनशेची नोट दिली आणि "ठेव, ठेव" म्हणत गाडी पुढे काढली. त्याचा हेतू चांगला होता. पण मला पुन्हा आईच आठवली. पार्ल्याच्या एका सुखवस्तू बाईने तिला एकदा भाजीच्या पैशांवर पाच रुपये जास्त दिले आणि "असू दे तुला" म्हणाली. त्या काळचे पाच रुपये! आईने पाटीतून पाच रुपयांची केळी मोजून काढली, त्या बाईच्या उंबऱ्यावर ठेवली आणि जिना उतरली. ती भाजी विकायला गेली होती, दान मागायला नव्हे. भाव पाडणारा तिच्या कष्टांना कमी लेखत होता. पण हिशेबाबाहेर पैसे फेकणाऱ्यानेही तिला कमीच लेखले होते, फक्त गोड शब्दांत.

ह्यातला मार्ग मला रूथच्या पुस्तकात सापडला. रूथ परदेशी विधवा. ती बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला जाते. बवाजाला तिला मदत करायची आहे. तो श्रीमंत आहे, धान्याची पोती तिच्या दारात टाकू शकला असता. पण तो आपल्या माणसांना गुपचूप सांगतो की पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम खाली पडू द्या, तिला वेचू द्या आणि तिला टोचून बोलू नका. रूथ संध्याकाळी घरी जाते ती आपल्या हाताने वेचलेले धान्य घेऊन. देणाऱ्याचा हात तिला दिसलासुद्धा नाही. सांगितलेला भाव निमूटपणे देणे, सुटे नसतील तर आणखी एक द्रोण घेणे, गाडीतून उतरून तिच्यापाशी जाऊन बसणे, "मावशी, कुठल्या पाड्याच्या?" म्हणून विचारणे, ह्या सगळ्यांत थोडी कणसे खाली पडतात असे मला वाटते. निदान हाक मारून तिला गाडीपर्यंत चालायला लावू नये, एवढे तरी.

बायबलमध्ये उन्हाळी फळांची एक टोपली आहे. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातली. आमोस हा गुराख्यांतला माणूस, उंबरासारख्या फळझाडांची निगा राखणारा. म्हणजे आपल्यातलाच. परमेश्वर त्याला दृष्टान्तात पिकलेल्या फळांची टोपली दाखवतो. हिब्रू भाषेत उन्हाळी फळ आणि शेवट ह्या दोन शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे आहेत, 'कायित्स' आणि 'केत्स'. त्यावर कोटी करून परमेश्वर सांगतो की इस्राएलचा शेवट जवळ आला आहे. कशामुळे? लगेच पुढच्या ओळींत कारण येते. माप लहान करणारे, तराजू खोटा करणारे, जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकत घेणारे. टोपलीकडून मापाकडे यायला संदेष्ट्याला क्षणाचाही विलंब लागत नाही.

पण तेवढ्याने पवित्र शास्त्र फळे खाण्याच्या विरुद्ध आहे असे कुणी समजू नये. उलट अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात एक फार सुंदर नियम आहे. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलास तर पोटभर, मन तृप्त होईपर्यंत द्राक्षे खा. मात्र आपल्या भांड्यात भरून नेऊ नकोस. मी हा नियम वाचून हसलो होतो. लहानपणी शेजारच्या वाडीत कैऱ्या पाडताना हा अध्याय ठाऊक असता तर किती मार वाचला असता! (तरी आम्ही खिसे भरत होतो, म्हणजे दोषी ते दोषीच.) पण ह्या नियमात माणसाच्या स्वभावाची मोठी पारख आहे. भुकेला हद्द असते. पोट भरले की द्राक्षे पुरे वाटतात. भांड्याला हद्द नसते, ते मोठे आणता येते. आनंद पोटाशी संपतो, हाव भांड्यापासून सुरू होते.

गेल्या वर्षी आमच्या गाडीच्या डिकीत परतताना काय काय होते ते सांगतो. चिकूच्या दोन पेट्या, ताडगोळे चार डझन, कैऱ्या, फणस एक आणि ते तीन द्रोण. द्रोण खानिवड्याच्या आतच संपले. ताडगोळे त्या रात्री दीड डझन खाल्ले, उरलेले दुसऱ्या दिवशी निबर लागले. चिकू तिसऱ्या दिवशी सगळे एकदम पिकले. शेजाऱ्यांना वाटले, त्यांच्याकडेही डहाणूचेच चिकू होते. अर्धी पेटी खड्ड्यात गेली. ज्या बाईशी मी चाळीस रुपयांसाठी घासाघीस केली, तिच्या आठवडाभराच्या कमाईएवढी फळे बहुधा मी कुजवली. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' मध्ये थोडक्यात समाधान मानणाऱ्याला प्रत्येक गोष्टीचा आस्वाद अधिक घेता येतो असे म्हटले आहे. मला तो उपदेश वाटला होता. खड्ड्यावर माती लोटताना तो अनुभव वाटला.

आणखी एक सांगायला हवे. आपणच एके काळी त्या बाजूला बसलेले होतो हे आपण किती लवकर विसरलो! १९९० नंतर आपल्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या, विहिरी खारावल्या, कित्येक बावखले बुजली. ज्या जांभळांचा सडा आपल्या अंगणात पडायचा, ती जांभळे आता आपण गाडी घेऊन शोधायला जातो. त्यात वाईट काही नाही. मुले शिकली, नोकऱ्या लागल्या, पाट्या उतरल्या, हे आईच्या पिढीला हवेच होते. पण डोक्यावरून पाटी उतरली की मापाकडे बघण्याची नजरही बदलते, हे मला त्या वळणावर कळले.

आणि वरची मूठ? तिच्याबद्दल मी वर्षभर सर्वांत जास्त विचार केला. त्या बाईकडून मी चाळीस रुपये काढून घेतले. त्यानंतरही तिने माझ्या नातीला मूठभर करवंदे दिली. आईचा तर अशा दिवशी हात आखडायचा. मी आईला आता विचारू शकत नाही, पण मला वाटते, तिला दुःख कमी पैसे मिळाल्याचे नव्हते. समोरच्याने तिला इतके पिळले होते की देण्याची ऐपत तिच्यात उरली नव्हती, ह्याचे होते. देणे हे गरिबाचेही सुख असते. आपण भाव पाडतो तेव्हा नुसते पैसे नाही, तेही सुख काढून घेतो. त्या वारली बाईने मला ते काढून घेऊ दिले नाही एवढेच. करवंदे माझी नात खात होती, पण त्या व्यवहारात श्रीमंत कोण होते हे मला आजही ठरवता येत नाही.

ह्या वर्षी मेच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. डिकीत एकच पिशवी नेली. मनोरच्या पुढे तेच वळण, तोच पळस. पण ती बाई नव्हती. तिच्या जागी एक म्हातारी बसली होती, टोपलीत पाच द्रोण. मी गाडी बाजूला लावायला सांगितली, उतरलो, नातीलाही उतरवले. "मावशी, केवढ्याला?" "चाळीस." मी ऐंशी रुपये दिले, दोन द्रोण घेतले. पाड्याचे नाव विचारले, तिने सांगितले, पण तिला बोलण्याची फारशी हौस दिसली नाही. मी उगाच थोडा वेळ उभा राहिलो. मग लक्षात आले की मी वरच्या मुठीची वाट बघतो आहे. म्हातारी दुसऱ्या गाडीकडे बघत होती.

गाडीत बसल्यावर नातीने एक करवंद अर्धे चावले, मूठ मिटली आणि माझ्यापुढे धरली. "आजोबा, कोंबडा की कोंबडी?"

"कोंबडा," मी म्हणालो.

कोंबडी निघाली.